जुन्या फोर बाय फोरला हेडर बसवावा की मूळचाच मॅनिफोल्ड ठेवावा?

चिखलवाट

नमस्कार मंडळी.

गाडी १९९० च्या दशकातली. फोर बाय फोर, ४ लिटरचं पेट्रोल इंजिन, एका ओळीत सहा सिलिंडर, इंजेक्शनवालं. माझ्याकडे येऊन ११ वर्षं झाली. गेले काही महिने सकाळी गार इंजिन सुरू केलं की टिक-टिक-टिक असा आवाज यायचा आणि पाच-सात मिनिटांत आपोआप थांबायचा. मला वाटलं टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारे भाग) वाजताहेत. ऑइल बदलून पाहिलं, काही फरक नाही. मग हळूहळू ॲव्हरेज पडलं आणि उभ्या गाडीत कच्च्या पेट्रोलचा वास येऊ लागला.

परवा बॉनेट उघडून टॉर्च मारली. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा जळका वायू गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा तुकडा, बिडाचा (ओतीव लोखंडाचा) आहे. तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरचे मार्ग जिथे एकत्र येऊन खाली डाउनपाइपकडे वळतात, बरोबर त्या वळणावर केसासारखी रेघ दिसली. रेघेच्या दोन्ही बाजूंना काजळी पसरलेली, जणू कुणी काळा खडू आडवा फिरवलाय. बोट लावलं तर पूड हाताला आली.

आता पुढे तीन वाटा दिसताहेत. मूळचा होता तसाच नवा मॅनिफोल्ड, किंवा सहा स्वतंत्र पाइपांचा स्टेनलेसचा हेडर, किंवा आहे त्यालाच वेल्डिंग. हेडर लावल्यावर गाडी मोकळी होते, खालूनच ओढते, असं सगळे सांगतात. माझी गाडी बहुतेक वेळ फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या सावकाश गिअरमध्ये) दगडांवरून, चिखलातून, उभ्या चढांवर सावकाश चालते. मला टॉप स्पीड नको, खालचा टॉर्क हवा. ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांचं मत हवंय.

मोठा_पाना

काहीही विकत घेण्याआधी दोन गोष्टी करा.

पहिली, पॅसेंजर कप्प्याची हवा आत ओढणारी जाळी कुठे आहे ते बघा. बहुतेक गाड्यांत ती विंडस्क्रीनच्या पायथ्याशी, म्हणजे इंजिनच्या मागच्या टोकाला असते. तड्यातून निघणारा धूर तिथून आत येऊ शकतो. पेट्रोलचा वास तुम्हाला आला म्हणून कळलं. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. काम होईपर्यंत इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नका, काचा लावून ब्लोअर चालवू नका. हे मी कळकळीने सांगतोय.

दुसरी, तडा एकच आहे की आणखी कुठे, ते शोधा. इंजिन पूर्ण गार असताना व्हॅक्यूम क्लीनरची फुंकर मारणारी बाजू सायलेन्सरच्या शेपटाला लावा, फटीत चिंधी कोंबा आणि मॅनिफोल्डवर साबणाचं पाणी शिंपडा. जिथे बुडबुडे, तिथे गळती. पॅकिंगच्या (मॅनिफोल्ड आणि इंजिनमधल्या गास्केटच्या) कडेलाही शिंपडा. पुष्कळदा तडा दिसतो एका जागी आणि पॅकिंग फुंकत असतं दुसऱ्याच जागी.

आणि मला एक सांगा, इंजिन चासीवर ज्यांच्यावर बसतं ती माउंटिंगची रबरं शेवटची कधी बदललीत?

सहा_सिलिंडर

आवाज गरम झाल्यावर थांबतो याचं कारण साधं आहे. बीड तापून फुगतं आणि तड्याच्या कडा एकमेकींना भिडतात. पण गळती शंभर टक्के थांबत नाही. एक्झॉस्टमधला दाब सलग नसतो, ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी पाइपमध्ये दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि तड्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढे बसलेल्या ऑक्सिजन सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, तो ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) कळवतो की मिश्रण पातळ आहे, आणि ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवतो. तुमचं ॲव्हरेज तिथे गेलं.

आता मूळ प्रश्न. हेडरबद्दल सगळ्यात जास्त घोळ घालणारं वाक्य म्हणजे "खालच्या टॉर्कला बॅक प्रेशर लागतं." कुठल्याच इंजिनला बॅक प्रेशर लागत नाही. लागतो तो वायूचा वेग. पाइपाचा व्यास आटोपशीर असेल तर वायूचा स्तंभ वेगाने पुढे जातो आणि त्याच्या मागे जी पोकळी तयार होते ती त्यानंतर पेटणाऱ्या सिलिंडरमधला जळका वायू ओढून घ्यायला मदत करते. पाइप गरजेपेक्षा जाड घेतला की कमी आरपीएमला हा वेग मरतो. लोकांनी जाड पाइप लावले, खालचा जोर गेला, आणि दोष दिला बॅक प्रेशर कमी झाल्याला.

दुसरा भाग लाटेचा. व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपातून धावते, पाइप मोकळा होतो त्या टोकाला आदळून उलट्या चिन्हाची होऊन परत येते. ती परत पोचेल तेव्हा इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतील, तर फायदा. ही वेळ साधायची तर पाइपाची लांबी आरपीएमप्रमाणे ठरवावी लागते, आणि आरपीएम निम्मं केलं की लांबी जवळजवळ दुप्पट होते. ५०००–६००० आरपीएमसाठी एकेक पाइप साधारण पाऊण ते एक मीटर निघतो. तुम्ही दगडांवर १०००–२००० वर चालवता. त्यासाठीची लांबी बॉनेटखाली मावणारच नाही. बाजारात मिळणारे आखूड हेडर तर हातभर लांबीचे. त्यांच्यात या लाटेचा तुमच्या आरपीएमला उपयोग शून्याच्या जवळ.

मग काहीच फायदा नाही का? आहे, एका गोष्टीचा. आपल्या सहा सिलिंडरांचा फायरिंग ऑर्डर (पेटण्याचा क्रम) १-५-३-६-२-४. यात पुढच्या तिघांचे ठोके (१, ३, २) एकमेकांपासून बरोबर २४० अंशांवर पडतात, मागच्या तिघांचेही (५, ६, ४) तसेच. म्हणून १-२-३ एका पाइपात, ४-५-६ दुसऱ्या पाइपात आणि मग दोन्ही एकत्र, अशी रचना असेल तर एकाचा ठोका दुसऱ्याच्या अंगावर येत नाही. चार सिलिंडरवाल्यांनी हेच १-४ आणि २-३ असं जोडायचं, फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असेल तर. हेडर घ्यायचाच असेल तर चकाकी बघू नका, कुठला पाइप कुणाला जाऊन मिळतो ते बघा.

वाळू_आणि_वंगण

माझं मत वेगळं आहे आणि अनुभवातून आलेलं आहे. याच घराण्यातलं सहा सिलिंडरचं इंजिन, हेडर लावून सहा वर्षं झाली. वरच्या आरपीएमला फरक नक्की आहे. मोकळ्या वाळूत गाडी ३५०० च्या वर धरून ठेवावी लागते, गॅस सोडला की रुतली. तिथे आधी ती गुदमरायची, आता गुदमरत नाही. शिवाय वजन खूप कमी झालं. बिडाचा काढलेला मॅनिफोल्ड एका हाताने उचलताना मनगट लचकलं होतं, हेडर मी बोटांवर तोलून बसवला.

मान्य करतो की सावकाश चढावर मला फरक जाणवला नाही. पण वाईटही काही झालं नाही. हेडर लावला म्हणून खालचा टॉर्क मेला, असं जे सांगतात त्यांनी बहुतेक जाड पाइपवाला घेतलेला असतो.

चिखलवाट

सहा_सिलिंडर, इतकं उलगडून सांगितल्याबद्दल मनापासून आभार. फायरिंग ऑर्डरचं गणित मी कागदावर मांडून बघितलं, बरोबर जुळतं.

वाळू_आणि_वंगण, उष्णतेचं काय? माझ्या गाडीत इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकाच पॅकिंगवर आहेत. इंजेक्टरची रेल मॅनिफोल्डच्या जेमतेम वितभर वर आहे. आणि पाण्यातून जाताना?

मोठा_पाना, माउंटिंग मी कधीच बदललेली नाहीत. आधीच्या मालकाने बदलली असतील तर माहीत नाही.

वाळू_आणि_वंगण

उष्णता हा खरा प्रश्न आहे, लपवत नाही. बिडाची भिंत जाड, सावकाश तापते, सावकाश निवते. पाइपाची भिंत दीड मिलिमीटरची, ती भराभर उष्णता बाहेर फेकते. मला स्टार्टरच्या केबलवर आच्छादन चढवावं लागलं आणि इंजेक्टर रेलखाली पत्र्याची ढाल बसवावी लागली. सुरुवातीला वर्षभर मी पाइपांना फायबरची पट्टी गुंडाळली होती. तो हेडर साध्या लोखंडाचा होता. चिखलपाणी पट्टीत मुरून राहायचं. पट्टी सोडली तेव्हा खालून पापुद्रे निघाले. आता स्टेनलेसचा आहे, आतबाहेर सिरॅमिक कोटिंग केलेला, पट्टी नाही. चिखलात जाणाऱ्या गाडीला पट्टी गुंडाळू नका.

बिडाचा_माणूस

मी ओतकाम आणि वेल्डिंगच्या धंद्यात आहे, म्हणून वेल्डिंगवर बोलतो.

बीड सांधता येतं, पण घाईत नाही. आधी तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं, नाहीतर तडा वेल्डिंगच्या उष्णतेनेच पुढे धावतो. मग व्ही आकाराची खाच, पूर्ण तुकडा आधी तापवणं, निकेलचा रॉड, बोटाच्या पेराएवढीच शिवण एका वेळी, प्रत्येक शिवणीवर हलके हातोडे, आणि शेवटी कोरड्या राखेत किंवा वाळूत पुरून रात्रभर निववणं. यातली एक पायरी गाळली की शिवणीच्या शेजारी नवी रेघ उमटते. मी स्वतः दोनदा उमटलेली पाहिली आहे, दोन्ही वेळा राखेतून लवकर बाहेर काढलं म्हणून. पितळेने झाळलेलं तर एक्झॉस्टच्या तापात टिकतच नाही.

पण तीस वर्षं तापून-निवून झालेल्या बिडावर मी स्वतःच्या गाडीसाठी हा खटाटोप करणार नाही. त्याच्या पोटात पूर्वीचं बीड उरलेलं नसतं. नवा तुकडा मिळत नसेल तरच.

आता फुगण्याबद्दल. बीड एका अंशाला मीटरमागे साधारण ११ मायक्रॉन वाढतं. ४०९ जातीचं स्टेनलेस जवळपास तेवढंच. ३०४ मात्र १७ च्या घरात. मॅनिफोल्डचा ६०० मिलिमीटर लांबीचा दांडा समजा ४५० अंशांनी तापला. बीड ३ मिलिमीटर लांबतं, ३०४ साडेचार मिलिमीटर. आणि ज्याला ते बोल्टांनी जखडलंय ते हेड (इंजिनचा वरचा भाग) फक्त ८०–९० अंशांनी तापलेलं, म्हणजे अर्धा मिलिमीटर. हा फरक कुठेतरी जिरायला हवा. म्हणून मूळच्या मॅनिफोल्डला टोकाची भोकं बोल्टापेक्षा मोठी ठेवलेली असतात, टोकं सरकावीत म्हणून. म्हणूनच चांगल्या हेडरची हेडवर आवळली जाणारी जाड पट्टी (फ्लँज) सलग नसते, दोन-दोन किंवा तीन-तीन पोर्टांमागे कापलेली असते. विकत घेताना हे तपासा. सलग पट्टी, ६ मिलिमीटरपेक्षा पातळ आणि ३०४ ची, असा हेडर वाकणार आणि पॅकिंग फुंकणार.

गार_सुरुवात

थोडं विषयांतर, पण कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाड्यांचे मालक हा धागा वाचत असतील म्हणून लिहितो. टोयोटाचं २एफ किंवा लँड रोव्हर सिरीजचं सव्वादोन लिटरचं पेट्रोल इंजिन, यांत इनटेक मॅनिफोल्ड एक्झॉस्टवर टेकून बसवलेला आहे. ती जागेची काटकसर नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. एक्झॉस्टची ऊब इनटेकच्या तळाला मिळते आणि पेट्रोलची वाफ नीट होते. हेडर लावला की ही शेगडी गेली. मग थंड सकाळी गाडी चोक आत ढकलला की अडखळते, दमट हवेत कार्ब्युरेटरच्या गळ्यात बर्फ धरू शकतो. अशा गाडीला हेडर लावायचाच असेल तर इनटेकच्या तळाला कूलंटचं गरम पाणी फिरवायची सोय आधी करा.

इंजेक्शनवाल्यांना ही अडचण फारशी नाही, कारण पेट्रोल थेट पोर्टाच्या तोंडाशी फवारलं जातं.

मोठा_पाना

माउंटिंग कधीच बदललेली नाहीत हे वाचून माझा संशय पक्का होत चाललाय. मंडळी हेडर की मॅनिफोल्ड यावर चांगलं बोलताहेत, पण हा तडा गेला का, ते कुणी विचारलं नाही. ते न शोधता नवा तुकडा बसवणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

सरळ सहा सिलिंडरचं इंजिन गॅस दिला की एका अंगावर कलतं. रबरं धड असतील तर थोडंसं. रबर लोखंडापासून सुटलं असेल तर दोन-तीन बोटं उचललं जातं. मॅनिफोल्ड इंजिनसोबत हलतो, डाउनपाइप मात्र पुढे गिअरबॉक्सच्या ब्रॅकेटला आणि चासीला टांगलेला. म्हणजे दरवेळी गॅस दिला की कुणीतरी मीटरभर लांबीची पहार घेऊन मॅनिफोल्डचं तोंड पिळतंय. तुमचा तडा बरोबर त्या वळणावर आहे. फोर-लोमध्ये चढावर हे सगळ्यात जास्त होतं, कारण तिथे इंजिनवर भार सर्वांत जास्त.

हे असंच राहिलं आणि तुम्ही हेडर लावलात, तर तो कलेक्टरच्या, म्हणजे पाइप एकत्र येतात तिथल्या, वेल्डिंगपाशी फाटेल. बीड निदान तीस वर्षं टिकलं, दीड मिलिमीटरचा पाइप किती टिकेल याचा विचार करा.

एक माणूस गाडीत बसवा. हँडब्रेक, पाय ब्रेकवर दाबून, गिअरमध्ये घालून किंचित गॅस. तुम्ही बाजूला उभे राहून बघा, समोर अजिबात नको. इंजिन किती उठतं ते इथे सांगा.

चिखलवाट

बघितलं. ड्रायव्हरच्या बाजूचं इंजिन चांगलं दोन बोटं उठलं आणि धप्पकन परत बसलं. जॅक लावून माउंटिंग बाहेर काढलं तर ते हातातच दोन तुकडे झालं. रबर एकीकडे, लोखंडी पट्टी दुसरीकडे, मधल्या भागावर गंज आणि धूळ. म्हणजे सुटून बराच काळ लोटला असणार. त्या बाजूचा सायलेन्सरचा हँगरही कडक होऊन लाकडासारखा झालाय.

खरं सांगायचं तर मला धक्का बसला. याच गाडीत मी माझ्या मुलांना मागे बसवून नेलंय, आणि तो धूर त्यांच्या बाजूने जात होता. टिकटिक ऐकून महिनोन्महिने दुर्लक्ष केलं याचं वाईट वाटतंय.

ठरवलंय ते असं. दोन्ही माउंटिंग आणि गिअरबॉक्सचं एक, तिन्ही नवी. बिडाचा मूळ ठेवणीचा नवा मॅनिफोल्ड. डाउनपाइपमध्ये जाळीदार लवचिक बेलोज. हेडरचा विचार सध्या सोडला.

वाळू_आणि_वंगण

तुमच्या वापराला हे योग्यच आहे, आणि मी हेडरवाला असूनही हेच सांगतो. माझा हेडर इतकी वर्षं कुठेही फाटला नाही त्याचं श्रेय मी आजवर कोटिंगला देत होतो. आता आठवतंय की हेडर बसवतानाच माझी माउंटिंग बदलली होती, केवळ इंजिन उचललंच होतं म्हणून.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम आहे. ज्याने कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदललाय, हेडचं काम केलंय, जो वाळूत किंवा मोकळ्या रस्त्यावर इंजिन वर धरून चालवतो, त्याला मूळचा मॅनिफोल्ड गळा आवळल्यासारखाच होणार.

सहा_सिलिंडर

त्यावर दुमत नाही. फक्त त्यांनी ऑक्सिजन सेन्सर कुठे येतो ते बघावं. जुन्या एका वायरीच्या सेन्सरला आत हीटर नसतो. तो साधारण ३०० अंशांच्या पुढे गेल्यावरच काम करू लागतो. लांब हेडरमध्ये सेन्सर कलेक्टरच्या पुढे गेला की आयडलिंगला तो निवतो, आणि ईसीयू अंदाजाने पेट्रोल देत बसतो. अशा वेळी हीटरवाला सेन्सर घालावा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा) मूळ जागेवरून हलवायची वेळ येत असेल तर आधी आपापल्या ठिकाणचा नियम वाचावा, पुष्कळ देशांत ते चालत नाही.

मोठा_पाना

काढताना-बसवताना सांभाळायच्या गोष्टी.

बोल्टांवर आधी तीन दिवस रोज गंज सोडवणारं तेल मारा. इंजिन कोमट असताना सोडवा. लालभडक नको आणि थंडगारही नको. पाना लावल्यावर आधी किंचित आवळा, कट्ट असा आवाज आला की मग सोडवा. जोर लावून तोडलेला स्टड हेडमध्ये राहिला तर पुढचे दोन दिवस त्यातच जातात. आट्यांतून टॅप फिरवा, काजळी बाहेर येऊ द्या.

हेडच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी धरा आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून बघा. नव्या मॅनिफोल्डच्या तोंडावरही. नवा आहे म्हणून सपाट असेलच असं नाही. पॅकिंग इनटेक-एक्झॉस्टचं एकत्र असेल तर ते कोरडंच बसवा, वर कुठलंही लुकण फासू नका.

आवळताना मधून बाहेरच्या दिशेने, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यालाच. टोकाचे बोल्ट "अजून थोडं" म्हणून जास्त आवळू नका. बिडाच्या माणसाने सांगितलंच आहे, टोकांना सरकू द्यायचं असतं. डाउनपाइपचे नट सगळ्यात शेवटी, इंजिन नव्या माउंटिंगवर नीट बसल्यानंतर, म्हणजे पाइप ओढून-ताणून जुळवावा लागणार नाही.

बिडाचा_माणूस

पाण्याचं राहिलं. तासभर चढ चढून आलेला मॅनिफोल्ड थेट ओढ्यात बुडवला तर नवं बीडही चिरतं. आधी काठावर दहा-पंधरा मिनिटं बॉनेट उघडून थांबा. पाइपांना हा धोका कमी, ते पातळ असल्याने सगळीकडून एकदम निवतात.

चिखलवाट

काम झालं. दोन बोल्ट हट्टाला पेटले होते, पण तुटला एकही नाही. जुना मॅनिफोल्ड बाहेर काढून उजेडात धरला तेव्हा कळलं की तडा दिसत होता त्याच्या तिप्पट होता. खालच्या बाजूने वळसा घालून जवळजवळ डाउनपाइपच्या पट्टीपर्यंत गेला होता. हातात धरून किंचित पिळलं तर फट उघडलेली डोळ्यांना दिसत होती.

गार इंजिन सुरू केल्यावर पहिल्यांदा इतकी शांतता ऐकली. गिअरमध्ये घालून गॅस दिला, इंजिन जागचं जेमतेम हललं. स्कॅनर लावून बघितलं, ईसीयू करतो ती इंधनाची दुरुस्ती आधी सतत अधिककडे धावायची, ती आता शून्याच्या आसपास आहे. वास पूर्ण गेला. परवा नेहमीच्या चढावर नेली. फोर-लो, पहिला गिअर, गॅसला पाय न लावता वर गेली. आधी त्याच जागी एकदा तरी गॅसचा धक्का द्यावा लागायचा.

चार वेळा तापून निवल्यावर आज सकाळी गार इंजिनवर पुन्हा टॉर्क पाना फिरवला. सगळे जागच्या जागी होते, फक्त फायरवॉलजवळचा शेवटचा, जिथे हात जेमतेम पोचतो तो, पाव फेरा फिरला.

मोठा_पाना

तो नेहमीच फिरतो. हजार किलोमीटरनंतर तेवढा एक परत बघा.